डावी वेणी

“तुम्ही काहीही म्हणा म्याडम, त्या मशीनमंदी कोणीतरी आहे. माह्या पोरीची वेणी ओढते ते.”

जया हे डॉक्टर अर्पितांना अगदी ठामपणे सांगत होती. नागपूरहून एमआरआयचं संशोधन करायला आलेल्या बाईंना वेणी ओढणाऱ्या भुताचं उत्तर कुठल्या पुस्तकात सापडणार? त्यांनी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. अडीच वाजले होते. यवतमाळच्या त्या सेंटरमधलं मशीन त्यांच्या कामाला आज चारपर्यंतच मिळणार होतं, उद्यापासून नाही. सिकलसेल हा रक्ताचा आजार असलेल्या चाळीस मुलांच्या मेंदूची चित्रं हवी होती आणि एकोणचाळीस झाली होती. चाळिसावी उर्वशी, वय वर्षं नऊ, बाकावर बसून दोन्ही हातांनी आपली डावी वेणी घट्ट धरून होती.

“जाऊ द्या,” डॉक्टर म्हणाल्या. “पहिल्यांदा ती किंचाळत बाहेर आली. दुसऱ्यांदा अर्ध्या डोक्याच्या जागी नुसतं काळं भोक आलं. आपण एकोणचाळीसवर भागवू.”

“तुमचं भागन म्याडम,” दारातून आवाज आला. “या लेकराचं काय?”

नंदाबाई या सेंटरची मावशी. कागदावर अटेंडंट, पण मशीन चालवणारा रजतसुद्धा तिनं मान हलवल्याशिवाय पेशंट आत घेत नसे. आतलं चुंबक कधी झोपत नाही. लोखंडाचं काही जवळ गेलं की ते ओढतं आणि चित्राचाही बट्ट्याबोळ करतं. त्यामुळे आत जाणाऱ्या प्रत्येकाला आधी नंदाबाईच्या हाताखालून जावं लागे. कळंबच्या एका आजीच्या कमरेचा किल्ल्यांचा जुडगा, वणीच्या एका ट्रकवाल्याच्या बनियनला लावलेली सेफ्टीपिन, असं काय काय तिनं नऊ वर्षांत पकडलं होतं. मंगळसूत्र उतरवताना डोळ्यांत पाणी आणणाऱ्या बायकांसाठी तिनं सुती दोऱ्यात काळे मणी ओवून पोती करून ठेवल्या होत्या. एक गळ्यात बांधायची, दुसरं उतरवायचं, रडारड संपली. माझ्या हातातून टाचणी सुटत नाही, असं ती सांगायची, आणि ते खोटंही नव्हतं.

म्हणूनच उर्वशीचं दुसरं चित्र बघून रजत जेव्हा म्हणाला होता, “मावशी, लोखंड राह्यलं कुठंतरी,” तेव्हा तिचं पित्त खवळलं होतं. “म्या सोता पाह्यलं. तुह्यं मशीनच बिघडलं असन!” असं सुनावून ती दिवसभर त्याच्याशी बोलली नव्हती.

आज मात्र तिला स्वतःची ती ऐट जड जात होती. उर्वशी शाळेत काल पाठ केलेलं आज विसरायची. मास्तर तिला ढ आणि आळशी म्हणत. सिकलसेलमध्ये कधीकधी मेंदूतल्या बारीक नसा गुपचूप बंद होतात, हात-तोंड काही वाकडं होत नाही, म्हणून कोणाला पत्ताही लागत नाही. ते फक्त या चित्रात दिसतं आणि दिसलं तर पुढचं थांबवता येतं, हे डॉक्टरांनी जयाला समजावलं होतं. जयानं ऐकून घेतलं आणि सांगून टाकलं, की हितं झालं तर झालं, नागपूरले काही मी पोरीले नेत नाही. म्हणजे चार वाजेपर्यंत जे होईल तेच.

“मले अर्धा घंटा द्या,” नंदाबाई म्हणाली. डॉक्टरांनी हो-नाही म्हणायच्या आत ती उर्वशीशेजारी बसलीसुद्धा.

“कोणती वेणी ओढते वं ते?”

“डावी.”

“दोन्ही खेपेले डावीच?”

“हो. दुसऱ्या खेपेले लय जोरानं ओढली.”

नंदाबाईनं पोरीकडे नीट पाहिलं. भूत झालं तरी त्याला डावं-उजवं कशाला लागतं? आणि दुसऱ्या वेळी जोर वाढला तो कशानं? मशीन कोणाची वेणी ओढत नाही. ते ओढतं फक्त एकच गोष्ट. तिच्या डोक्यात लख्ख उजेड पडला, आणि त्याबरोबर रजतची माफी मागावी लागणार हेही कळलं.

तिनं उर्वशीच्या लाल रिबिनी सोडल्या, दोन्ही वेण्या उकलल्या, तेलकट केसांतून बोटं फिरवली. काही नव्हतं. तिनं सैलशा दोन वेण्या घातल्या आणि पोरीला मशीनच्या दारापर्यंत नेलं.

“थांबा!” जया मागून आली. “घोटभर पाणी पाजतो तिले. घसा सुकते तिचा.”

दोन्ही खेपेला जयानं असंच पाणी पाजलं होतं. नंदाबाईला ते आता आठवलं. तिनं पाण्याची बाटली जयाच्या उजव्या हातात राहू दिली आणि डावा हात मनगटाशी धरला. मूठ उघडायला फार जोर लावावा लागला नाही. आत लोखंडी पत्र्याचे दोन ताईत होते, एक करंगळीएवढा, दुसरा अंगठ्याएवढा.

“पह्यल्या खेपेले लहानाच होता,” जया खाली बघत म्हणाली. “कोणीतरी वेणी ओढली म्हने, म्हून दुसऱ्या खेपेले मोठाबी वेणीत गुंतवला.”

रजतला हसू आवरेना. नंदाबाईनं त्याच्याकडे असं पाहिलं की त्यानं खुर्ची फिरवून घेतली.

“काहून लपवलं वं माय?”

“तुम्ही काढाले लावलं असतं. बिना ताईताची पोरगी त्या भोकात कशी धाडू मी? माह्यं एकच लेकरू आहे.”

यावर नंदाबाईकडे रागावण्यासारखं पुष्कळ होतं. पण ‘एकच लेकरू’ या शब्दांपुढे तिचं काही चालेना. तिचाही एकच होता. संघदीप. बाराव्या वर्षी सिकलसेलनंच गेला, त्यालाही आता वीस वर्षं होत आली. तेव्हा इथं असलं मशीन कुठलं!

“ताईत तू धर,” ती जयाला म्हणाली. “दोन्ही मुठीत घट्ट धर अन् या दारात उभी राह्य. आत मी जातो. ते वाजणं थांबेपर्यंत तिचा पाय सोडत नाही मी. माह्याजवळ लोखंडाची काडीबी नाही, मले ते ओढत नाही.”

जयानं दोन्ही ताईत मुठीत आवळले आणि ती दारात जाऊन उभी राहिली.

उर्वशी आडवी झाली. नंदाबाईनं तिच्या कानांत बोळे घातले, वाकून सांगितलं, “पह्यले कापसाच्या जिनिंगवानी घरघर होईन. मंग कोणीतरी दार ठोकल्यावानी ठकठक. ते फोटोच काढून राह्यलं. आता वेणी कोणी ओढत नाही. ओढली तर मले लाथ मार.”

पंचवीस मिनिटं ती पोरीच्या पायाचा अंगठा धरून उभी होती. कंबर भरून आली, पण तिनं पाय बदलला नाही. लाथ काही बसली नाही.

पावणेचारला रजतच्या पडद्यावर स्वच्छ चित्र उमटलं. डॉक्टर अर्पितांनी वाकून ते तपासलं. मग त्यांनी जयाला आत बोलावलं आणि तांदळाच्या कणीएवढे तीन पांढरे ठिपके दाखवले.

“पक्का रिपोर्ट उद्या देते. पण हे आहेत. हिची औषधं बदलावी लागतील, काही महिने रक्तही द्यावं लागेल. म्हणजे नवे ठिपके पडण्याचा धोका पुष्कळ कमी होतो. वेळेवर सापडलं, जयाताई.”

“मंग ते विसरणं?”

“यानं होऊ शकतं. ती आळशी नाही.”

जया तिथंच जमिनीवर बसली. “मी मारलं तिले,” ती म्हणाली. “लय मारलं.”

नंदाबाई तिच्याजवळ बसली. “म्याबी मारलं होतं. लाटण्यानं. बाराचा पाढा येत नव्हता म्हून.” नऊ वर्षांत सेंटरमधल्या कोणी हे तिच्या तोंडून ऐकलं नव्हतं. “तुह्यी तुह्यापाशी आहे. उठ.”

मग ती बाहेर बाकावर आली आणि उर्वशीच्या वेण्या पुन्हा नीट घालायला बसली. जयानं दिलेला लहान ताईत तिनं स्वतःच डाव्या वेणीत गुंफला. आता त्याला कोणाची हरकत नव्हती. इतका वेळ न हलता पडून राहिल्याच्या खुशीत पोरगी पाढा म्हणू लागली. बारा एके बारा, बारा दुणे चोवीस, असं करत बार पंचे साठपर्यंत ती झोकात आली.

“बार सक...” ती थांबली. पुन्हा म्हणाली, “बार सक...” आणि मान आपोआप खांद्यात ओढून घेतली.

नंदाबाईचे हात रिबिनीवर थांबले.

“राहू दे, बाई,” ती म्हणाली. “नाही आठवलं तरी चालते.”

आणि तिनं रिबिनीची गाठ बांधली, पोरीला कुठं ताण बसणार नाही अशी सैल.