टिक्याखालचा काटा

मी टेंपरेचर मीटर बोलून राह्यलो. नाव मोठं, काम एवढंसंच. इंजिनातलं पाणी किती तापलं ते काट्यानं दाखवायचं. काटा पांढऱ्यात आहे तोवर चालवा, लालात गेला की थांबा. एवढं समजायला शाळेत जावं लागत नाही. मीही गेलो नाही.

कारखाना मला आठवत नाही. आठवतं ते नेरचं गफ्फार मिस्त्रीचं गॅरेज. रामधनच्या जुन्या जीपमधला कंपनीचा मीटर मेला होता. गफ्फारनं डॅशबोर्डला भोक पाडून मला बसवलं, वायर इंजिनापर्यंत नेली आणि काचेवर बोट ठेवलं. "रामधनभाऊ, रस्ता तर पाह्यच, पण याच्याकडे बी पाह्यत जा. गाडी मरायच्या आधी हा सांगते."

"पाह्यतो ना, गफ्फारभाई."

पाहिलं. दोन दिवस. मग मी दागिना झालो.

नेर ते यवतमाळ, एका जीपमध्ये चौदा माणसं. साल दोन हजार पाच. कापसाला भाव नाही, खरेदी केंद्रावर बैलगाड्या चार-चार दिवस उभ्या. सगळ्यांच्या तोंडी तेच. तेवढ्यात रामधन माझ्या काचेवर नखानं टकटक करी.

"विमानात असते हे, विमानात!"

"स्पीड किती दावते मग?"

"ऐंशी!"

मी पाण्याचे ऐंशी अंश दाखवत असे. जीप तीसनं रखडत असे. पण मागचे सगळे माना डोलवत. असल्या लोकांपुढं जन्म काढायचा होता मला.

दसऱ्याला जीप धुतली, हार घातले. रामधनची बायको जमनाबाई कुंकू घेऊन आली. चाकांना टिका, स्टेअरिंगला टिका, आणि शेवटी माझ्या काचेवर, नेमका लाल पट्ट्यावर, चांगला जाडजूड.

"लालावर लाल, साजरं दिसते," रामधन खूश.

त्यांची पायल बारावी झालेली. ती म्हणाली, "बा, काटा कसा दिसंल? पूस ना."

"पूजेचा टिका पुसत असतेत काय? गळंल आपोआप."

तो गळला नाही, वाळून घट्ट झाला. आंधळं करून ठेवायचं आणि त्याला मान म्हणायचं, ही माणसांची तऱ्हा.

दिवाळीनंतर पायलला यवतमाळहून नर्सिंगच्या मुलाखतीचा कागद आला. सकाळी अकराला हजर; उशीर झाला तर वर्ष गेलं. रामधननं पोरीला पुढं बसवलं आणि मागं बारा सवाऱ्या भरल्या. रिकामी गाडी न्यायला त्याचा जीवच होईना.

अर्ध्या वाटेत पाण्याचा पाइप फुटला. मी चढलो. पांढरं संपलं आणि टिक्याआड शिरलो. याहून मोठ्यानं मला बोलता येत नाही.

"बा, जळका वास येऊन राह्यला. काटा कुठं हाय?"

"टिक्याखाली हाय. देव हाय ना वर, कायले भेतं?"

बॉनेटमधून वाफ उसळली तेव्हा तो थांबला. सवाऱ्यांतला एक शहाणा नाल्यातून डबाभर गार पाणी घेऊन आला आणि सगळं तापल्या इंजिनावर रिकामं केलं. ताडकन आवाज आला. इंजिनाचं हेड चिरलं.

पायलनं मागून येणाऱ्या कापसाच्या ट्रकला हात केला. साडेअकराला पोचली. दार उघडं होतं, यादी बंद झाली होती.

पुढं गफ्फारनं इंजिन खोललं, मलाही डॅशबोर्डातून काढलं, तेव्हा बापलेक दोघं आले. पायलनं मला हातात घेतलं, नखानं टिका खरवडला. काटा लालाच्या शेवटच्या रेघेवर अडकला होता. अजून आहे.

"बा, यानं सांगतलं होतं."

रामधन माझ्याकडे पाहू लागला. पाहतच राहिला. हातातला चहा निवला तरी नजर हलेना. किती सावकाश सुचतं माणसांना!

आता मी गफ्फारच्या फळीवर, गंजक्या नटांत पडलोय. जीप भंगारात गेली. नवे गाडीवाले येतात आणि विचारतात, "हा लावला तर गाडी शोभंल काय?" बाबांनो, शोभेसाठी झेंडू आहे. माझ्याकडे पाहणं होत नसेल, तर डॅशबोर्डला भोक पाडू नका.

परवा पायल येऊन गेली. यंदा पुन्हा कागद भरला म्हणे.

"जाशीन कशी?" गफ्फारनं विचारलं.

"एसटीनं, चाचा. आदल्या दिवशीच."

एवढ्या सगळ्यांत एकच माणूस भेटलं, ज्याला मी जे सांगितलं ते कळलं.