चार नंबरचा चट्टा

मंगळवारी सकाळी सव्वानऊला शिंपीकाकांनी डॉक्टरांच्या टेबलावर डावा हात ठेवला. करंगळीच्या कडेला इस्त्रीने भाजल्याचा टपोरा फोड होता. काकूंनी दाखवला तेव्हा कुठे तो काकांना कळला होता.

हे मी समोरच्या भिंतीवरून पाहिलं. मित्रांनो, मी या एका खोलीच्या दवाखान्यातला जुना तक्ता आहे. माझ्यावर त्वचेच्या बारा रोगांची बारा चित्रं आहेत. प्रत्येकाला नंबर आणि खाली दोन ओळींची माहिती. छापखान्यातून आलो तेव्हा रंग इतके हुबेहूब होते की डॉक्टर म्हणाले, "आता पेशंटला समजावताना घसा कोरडा करायला नको." मला फार अभिमान वाटला होता.

पुढे बाकावर वाट पाहणारी माणसं माझ्यात आपापला रोग शोधू लागली. गोल चट्टा, लाल कड, मधला भाग स्वच्छ आणि खाज, म्हणजे गजकर्ण, दोन नंबर. बोटांच्या बेचक्यांत पुरळ, रात्री जास्त खाज, घरात एकाला झालं की सगळ्यांना, म्हणजे खरूज, सहा नंबर. हळूहळू लोक डॉक्टरांपुढे बसून नंबरच सांगू लागले. गर्दीच्या दिवशी डॉक्टरही त्या नंबराचं मलम लिहून देऊ लागले.

माझ्या समोर पश्चिमेची खिडकी आहे. उन्हाने आधी माझा लाल रंग नेला. अकरा नंबरच्या चट्ट्याची तांबूस कड गेली आणि तो चार नंबरच्या शिब्यासारखाच, म्हणजे त्वचेवरच्या साध्या पांढुरक्या डागासारखा, नुसता फिकट दिसू लागला. दोघांतला फरक खालच्या माहितीत होता. त्या ओळीवर सिस्टरनी दवाखान्याच्या वेळांचा कागद चिकटवला. मला तो काढता येत नव्हता.

सात महिन्यांपूर्वी शिंपीकाका पहिल्यांदा आले. डाव्या मनगटाच्या वर, हाताच्या बाहेरच्या बाजूला, रुपयाएवढा फिकट डाग होता. शेजारी बेकरीवाला बसला होता.

"कितवा, काका?"

"चार दिसतोय. तुझा?"

"सहा. घरात पाचही जणांचा सहाच."

"म्हणजे अख्खं घर एकाच वर्गात."

"तुमचा खाजतो का हो?"

"छे. उलट तिथे टाचणी टोचली तरी कळत नाही. शिंप्याला असाच हात हवा."

बाकावरची माणसं हसली. ज्या रोगाची ती खूण होती, त्याचं नाव माझ्याच अंगावर, कागदाखाली होतं. मला फक्त लटकून राहता येतं. मी लटकून राहिलो.

काकांनी डॉक्टरांना टाचणीचं सांगितलं नाही. "चार नंबर," एवढंच म्हणाले. डॉक्टरांनी खुर्चीतूनच पाहिलं, बाकावर अजून चौदा जण होते. मलम मिळालं. काका ते दोन वेळा नेमाने चोळत राहिले, संपलं की नवी ट्यूब नेत राहिले. तिसऱ्या खेपेला ट्यूब घेताना त्यांची करंगळी वाकलेलीच राहिली. सिस्टर रजिस्टरमध्ये पाहत होत्या. खोलीत ते पाहणारा मी एकटाच होतो.

त्या मंगळवारी मात्र फोड पाहून डॉक्टर उठले. कापसाची बारीक वात करून काकांजवळ बसले.

"डोळे मिटा. कापूस लागला की 'हं' म्हणा."

काका डोळे मिटून शहाण्यासारखे बसले. जरा वेळाने म्हणाले, "करा की सुरू."

"चारदा झालं, काका."

डॉक्टर माझ्यापाशी आले आणि त्यांनी वेळांचा कागद ओढून काढला. त्याबरोबर माझी एक पट्टी फाटली, पण ओळ वाचता येत होती. अकरा, कुष्ठरोग. फिकट चट्टा, खाज नाही, चट्ट्यावर स्पर्श कळत नाही.

"नातवाला जवळ घ्यायचं नाही का आता?" काकूंनी विचारलं.

"खुशाल घ्या. गोळ्या सुरू झाल्या की दुसऱ्याला धोका राहत नाही. घरातल्या सगळ्यांची तपासणी मात्र करायची."

"बोटं सरळ होतील ना? काजं मी हाताने करतो," काका म्हणाले.

"रोग नक्की बरा होतो. नसेचं किती भरून येईल, ते आत्ता सांगता येत नाही. लवकर कळायला हवं होतं."

"लवकरच आलो होतो की," काकू म्हणाल्या.

डॉक्टर खुर्चीकडे वळले. मोठ्या इस्पितळासाठी चिठ्ठी लिहू लागले.

मित्रांनो, माझ्याकडे पाहून आपला नंबर ठरवू नका. चट्टा कसा दिसतो हे मी दाखवू शकतो, तिथे काय जाणवतं हे दाखवू शकत नाही. न दुखणारा, न खाजणारा फिकट डाग असेल तर डोळे मिटून त्यावर कापूस टेकवून घ्या. कळलं नाही, तर ते डॉक्टरांना शब्दांत सांगा, थट्टेत उडवू नका. आणि डॉक्टरांनी हात लावून पाहिल्याशिवाय खुर्चीवरून उठू नका.

गोळ्या सुरू होऊन दीड महिना झाला. दुकान उघडं आहे, काजं काकू करतात. काल काका इस्पितळाचा कागद घेऊन आले, तेव्हा डॉक्टरांनी पुन्हा कापूस घेतला. दहा वेळांत काका दोनदा "हं" म्हणाले. त्यातल्या एकदा कापूस टेकवलेलाच नव्हता.