वळणावरचे शंभर मीटर

रागिणी अकरा वर्षं पळत होती, सात वेळा शंभर मीटरला राज्यात पहिली आली होती, आणि तिच्या मायनं तिला एकदाही पळताना पाहिलं नव्हतं. यात बेबीताईला बोल लावण्यात अर्थ नाही. तिचं अकोल्याच्या बाजारात भाजीचं दुकान, आणि स्पर्धा कधी पुण्याला, कधी पार रांचीला. मोबाइलवर व्हिडिओ यायचे, पण त्यानं तिचं समाधान होत नसे. "चालू झालं का संपते बी," ती म्हणायची. "त्यात तू इवलीशी. कोनती तू, हेच समजत नाही."

यंदा राज्य स्पर्धा अमरावतीतच होती, रागिणीच्या पोलिसातल्या नोकरीच्या गावी. आणि तिची ती शेवटचीच. गुडघ्यानं केव्हाच हात टेकले होते. एकटीनं पळायचं तिनं सोडलं होतं, फक्त रिले राहिली होती. चौघींनी शंभर-शंभर मीटर पळायचं आणि हातातलं बॅटन पुढचीला द्यायचं. चौथी पळते ती प्रेक्षकांच्या मांडवासमोरून, फीत तीच तोडते, पेपरात फोटोही तिचाच येतो. आठ वर्षं ती जागा रागिणीची होती आणि ती मागायची कोणाची हिंमत झाली नव्हती. तिनं फोन करून सांगितलं, "माय, या वेळी डोळ्यानं पाह्य मले. मांडवात पुढं बस, मी तुह्यासमोरूनच जाईन." बेबीताईनं ही बातमी दुपारपर्यंत अख्ख्या बाजाराला सांगून टाकली.

मग दर्यापूरची आचल आली. वय एकोणीस, अंगात वारं भरल्यासारखी. सरळ धावेत तिला गाठणं कोणाच्या बापाला जमत नव्हतं, वळणावर मात्र ती बाहेर फेकली जायची. स्पर्धेच्या पाच दिवस आधी प्रशिक्षक देवीदास सरांनी रागिणीला बाजूला घेतलं.

"आचल शेवटी आन् तू तिसरी, तर अर्धा सेकंद वाचते," सर म्हणाले. "तुह्या मनावर हाय. तू नाही म्हनशील तर कोनी काई बोलनार नाही. पन मंग आपन दुसरे येऊ."

तिसरी पळते ती पलीकडच्या वळणावर, कुंपणाच्या कडेनं. तिकडे चिटपाखरू नसतं. रागिणीला आचलचा राग आला, अगदी खराखुरा. हिच्यापुढं दहा वर्षं पडली आहेत, एक वर्ष थांबली असती तर काय बिघडलं असतं? पण उरलेल्या दोघींना पहिल्या नंबरवर नोकरीची आशा होती, आणि रागिणीला स्वतःची नोकरी कशी लागली ते आठवत होतं. ती म्हणाली, "मी तिसरी."

मायला सांगायला तिनं तीनदा फोन हातात घेतला. तीनदा खाली ठेवला. ज्या जागी आपल्याला पाहायला माय दुकान बंद करून येणार, तिथं आपण नसणारच, हे कोणत्या तोंडानं सांगायचं?

चार दिवस तिनं बॅटन घेण्याचा सराव आचलकडून करून घेतला. पोरगी सारखी मागे वळून पाहायची. "मागं काहून पाह्यतं? मी हावो न," रागिणी खेकसायची. तिला स्वतःला हे शिकावं लागलं नव्हतं. गाडीतून फेकलेले कोबीचे गड्डे न पाहता झेलत ती मोठी झाली होती. चौथ्या दिवशी आचलचा हात बरोबर जागेवर आला, आणि रागिणीचा राग तिला न विचारताच ओसरला.

"ताई, तुमची आई येनार हाय न?" आचलनं विचारलं. "त्याइले सांगतलं का, तुमी आता तिकडून पळनार म्हनून?"

"तू आपलं पळ्याचं पाह्य," रागिणी म्हणाली.

स्पर्धेच्या दिवशी बॅटन हातात आलं तेव्हा त्या दुसऱ्या होत्या. गुडघा ठणकत होता. त्याला शिव्या देत रागिणीनं ते वळण कापलं, पुढं असलेल्या पोरीच्या बरोबरीला आली आणि ओरडली, "घे!" आचलनं मागे न पाहता घेतलं आणि ती सुटली. रागिणीचे पाय मंदावले, थांबले. दूर मांडवात गलका उठला, भोंग्यावर आचलचं नाव आलं. जिंकल्या होत्या.

ती गुडघ्यांवर हात टेकून त्या गर्दीकडे पाहत राहिली. तिथं माय शेजारणीला विचारत असेल, माही पोरगी कोनती? रागिणीला रडू आवरेना.

"रागिणी," मागून हाक आली.

कुंपणाची तार दोन्ही हातांनी धरून बेबीताई उन्हात उभी होती.

"माय, तू इथं कशी?"

"मांडवातच बसली होती. पळ्याच्या आंधी तुमची थे आचल इचारत इचारत आली आन् हाताले धरून इथं घेऊन आली. म्हने, काकू, ताई इकडून पळते. तिकडं पाहू नका, तिकडं मी राहीन."

रागिणी तारेजवळ गेली. बेबीताईनं तारेतून हात घालून तिचं तोंड पुसलं.

"कोन जितलं व?" तिनं विचारलं.

"आपनच, माय. ऐकू नाही आलं का?"

"कोन जाने. मी तुह्याकडंच पाहून राहिली होती."