वाक्यात उपयोग करा

हिंजवडीत वडिलांची जमीन आयटी पार्कात गेली, उरलेल्या तुकड्यावर चार मजली इमारत उभी राहिली आणि तिच्या तळमजल्यावर विश्वजीत एके दिवशी 'सर' झाले. इंग्रजीचा क्लास. हिंगोली-वाशीमकडून नोकरीसाठी आलेली मुलं-मुली संध्याकाळी तिथं येऊन रिकाम्या जागा भरत.

सर शिकवत फारसे नसत. सरावाचे कागद वाटत, तपासत आणि चुकलेली उत्तरं सगळ्यांना वाचून दाखवत. आवाज मऊ, भाषा अहो-जाहोची. "अहो वाशीमकर, आपण इंग्रजी लिहिलंय की सोयाबीन पेरलंय?" मग पुढच्या बाकांवरचे हसत. आज आपण वाचलो, एवढाच त्या हसण्याचा अर्थ.

त्याच इमारतीत वरच्या मजल्यावर भाड्याच्या खोलीत राहणाऱ्या हिंगोलीच्या पूर्णिमाला सरांची भीती कधी वाटली नाही. एकदा खोली बघायला चेन्नईचा मुलगा आला होता. इंग्रजीतून भाडं विचारत होता. सरांनी दोनदा 'येस, येस' केलं आणि घाईघाईनं हिंदीवर आले. ते तिनं जिन्यातून ऐकलं होतं. त्यानंतर या माणसाला घाबरायचं म्हणजे बुजगावण्याला नमस्कार घालण्यासारखं होतं.

सरांचं आवडतं गिऱ्हाईक म्हणजे वाशीमचा तेजस. त्याचा कागद रोज वाचला जाई आणि तो मान खाली घालून ऐके. एका चाचणीत 'इन्सल्ट' या शब्दाचा वाक्यात उपयोग करायचा होता. तेजसनं लिहिलं, 'माय सर इन्सल्ट मी एव्हरी डे.'

सरांनी ते मोठ्यानं वाचलं.

"अहो, इन्सल्टला एस कुठंय? तृतीय पुरुषी एकवचन, किती वेळा सांगायचं? अर्धा मार्क." कागद बाजूला सारून त्यांनी पुढचा उचलला. त्या वाक्यात त्यांना फक्त नसलेला एस दिसला होता.

बाहेर चहाच्या टपरीवर तेजस म्हणाला, की आता तो येणार नाही. धीर करून खरं लिहिलं, तर ते त्या माणसापर्यंत पोचलंसुद्धा नाही.

"एस लावून लिहू," पूर्णिमा म्हणाली. "सगळेच."

तिनं एकेकाला गाठलं. पुढच्या बाकांवरचेही तयार झाले. हसून हसून तेही कंटाळले होते.

पुढच्या चाचणीत शब्द होते मॉक, प्राउड, एम्प्टी. सर लाल पेन घेऊन चुका शोधायला बसले. 'अवर टीचर मॉक्स अस एव्हरी डे.' 'ही इज प्राउड ऑफ हिज फादर्स बिल्डिंग.' 'हिज हेड इज एम्प्टी.' कागदामागून कागद, आणि चूक एकाही ठिकाणी नाही. पेन वर उचललेलंच राहिलं.

"हे कुणी शिकवलं?" त्यांनी विचारलं.

"आपणच, सर," पूर्णिमा म्हणाली. "तृतीय पुरुषी एकवचन."

त्यांनी सगळ्यांना पूर्ण मार्क दिले. दुसरं करण्यासारखं काही नव्हतंच.

पूर्णिमाला वाटलं होतं, माणूस चिडेल, निदान तिला हाकलून तरी देईल. तसं केलं असतं, तर तिनं त्यांना थोडी किंमत दिली असती. पण दुसऱ्या दिवसापासून वाक्यात उपयोगाचा प्रश्नच गेला. नुसते चार पर्याय आणि बरोबरची खूण. चुका वाचून दाखवणं बंद झालं. वर जिन्यात दिसली, की सर बाजूला होऊन तिला वाट देऊ लागले, "जेवण झालं का आपलं?" असं विचारू लागले.

ते गोड बोलणं तिला टोमण्यांपेक्षा जड गेलं. महिना संपताच तिनं आणि तेजसनं तो क्लास सोडला.