राखेतला तरवा

अंबुबाईचं शेत खानापूरकडच्या राखीव जंगलाला अगदी लागून होतं. नवरा रवळू पलटणीतून बसऱ्याच्या लढाईवर गेलेला. घरात ती आणि सासू गुणाबाई, दोघीच. गुणाबाईचे पाय वर्षापूर्वीच गेले होते. शेताच्या कडेच्या खोपटात ती खाटेवर पडून असे.

भाताच्या रोपांचा तरवा टाकायचा तर आधी वाफ्यावर राब भाजावा लागे. अंबुबाईनं वाफ्यावर सुकी डहाळी, पाला, शेण पसरून ठेवलं होतं. पण जंगलखात्याचा हुकूम कडक होता. राबाभोवती गवत खरवडून मातीचा पट्टा काढायचा, गार्डला वर्दी द्यायची आणि तो समोर उभा असतानाच काडी लावायची. आदल्या वर्षी कुणाच्या तरी राबाची आग जंगलात शिरली, तेव्हा साऱ्या गावाची चराई बंद झाली होती.

अंबुबाईनं पट्टा काढला. गार्ड भावकूला जाऊन सांगितलं.

"उद्या येतो," तो म्हणाला.

तो आला नाही. पुन्हा गेली, पुन्हा तेच उत्तर. नंतर कळलं, जंगलसाहेबानं त्याला आपल्या शिकारीच्या तळावर नेलंय. इकडे पश्चिमेला ढग धरू लागले. राब भिजला तर पेटणार नाही, आणि राब नाही तर तरवा नाही. शेजारणी बजावून गेल्या, "गार्डबिगर पेटवू नगंस गं. तुझ्यापायी आमची गुरं मरतील."

एका दुपारी जंगलातून धूर उठला. आग कुठं लागली, कुणी लावली, कळायला मार्ग नव्हता. वारा पश्चिमेचा, म्हणजे धूर सरळ शेतावरच येत होता. गाव ओढ्यापलीकडे. सासूला एकटीनं उचलून तिथवर नेणं होणार नव्हतं. आणि मधे तो सुका राब पसरलेला. ठिणगी पडली की खोपट गेलंच.

"आत्ती, मी राब पेटवतो," ती म्हणाली.

"तुला धरून न्हेतील की गं!"

"न्हाय पेटवला तर दोघी जळून मरू."

तिनं खोपटाकडच्या बाजूनं काडी लावली, म्हणजे आग वाऱ्याच्या उलट, हळूहळू जंगलाकडे सरकेल. खोपटाच्या छपरावर घागरी ओतल्या. ओल्या टहाळ्यानं पट्ट्यावरच्या ठिणग्या झोडपत राहिली. धुरानं डोळे उघडेनात. दोन्हीकडे आग आणि मधे ती. आतून सासूचा खोकला ऐकू येई, तेवढ्यावर ती समजे की म्हातारी जिवंत आहे. जंगलातली आग बांधापर्यंत आली, तोवर वाफा जळून काळा झाला होता. खायला काही उरलं नाही, तशी ती बांधावरच विझली.

दुसऱ्या दिवशी जंगलसाहेब आला. त्याला दिसला तो जळलेला राब.

"गार्डला वर्दी दिली होतीस?"

"दिलती जी. दोन येळा."

साहेबानं भावकूकडे पाहिलं. भावकूची नजर जमिनीवर. तळावर याच साहेबाच्या हुकमानं गेलो होतो, हे तो त्याच्याच तोंडावर कसं सांगणार?

"मला न्हाय सांगितलं हिनं," तो म्हणाला.

गावातलं कुणी पुढं आलं नाही. बोललं तर जंगलात आग कुणी लावली, हे विचारणं आलं. साहेबानं सारा बांध फिरून पाहिला; आग जंगलाकडूनच आल्याचं दिसत होतं. जंगल जाळल्याचा आळ त्यानं काढून टाकला, पण गार्डबिगर राब भाजल्याचा ठेवला. कैद ठरली.

अंबुबाई रडली नाही. "सायेब, बी टाकून येतो. मग न्ह्या," एवढंच म्हणाली.

तिला न्यायला आलेला पोलीसपाटील बांधावर बसून राहिला आणि तिनं निवलेल्या राखेत कुदळ फिरवून भात फेकलं. मग सासूच्या उशाशी होतं तेवढं भाकरी-पाणी ठेवून, तिच्या पाया पडून ती बेळगावच्या तुरुंगाच्या वाटेला लागली.

सुटून आली तेव्हा तरवा बोटभर वर आला होता. गुणाबाई खाटेवर खुशाल होती.

"पाणी कुणी आणलं, आत्ती? जेवण?"

"भावकू आणून द्याचा. रोज. बोलला न्हाय कवा."

संध्याकाळी तो घागर घेऊन आलाच. तिला पाहून दारातच थबकला.

"ठेवा तिथं," अंबुबाई म्हणाली. "उद्यापास्नं मी आणीन."

त्यानं घागर ठेवली. तिनं "बसा" म्हटलं नाही.