जिलबीचं लोटांगण

त्या रविवारी सकाळी उस्मानपुऱ्यातल्या आमच्या गल्लीत पाय ठेवायला जागा नव्हती. मांडवात पाटावर सटवानंद महाराज बसले होते आणि त्यांच्या पायांवर एक मांजर लोळत होतं. गाल घासत होतं, लाळ गाळत होतं, चारी पाय वर करून डोळे मिटत होतं. फुलंब्रीहून सकाळच्या एसटीनं आलेल्या बाया हात जोडून बसल्या होत्या. शेंद्र्याच्या कारखान्यातून रात्रपाळी करून आलेला एक जण उभ्या उभ्या डुलक्या घेत जयजयकार करत होता.

"मांजर म्हणजे सटवाईचं वाहन," महाराज सांगत होते. "वाहन मालकिणीला ओळखतं. मालकीण सध्या माझ्यात आहे."

यावर कुणी काही विचारलं नाही. टाळ्या मात्र पडल्या.

मांजर आमच्या शेजारच्या शालूताईचं. नाव जिलबी, आणि रंगही तोच. तिला एक विचित्र दुखणं होतं. निवांत बसलेली असताना पाठीची कातडी एकदम थरथरायची आणि जिलबी किंचाळून स्वतःच्याच शेपटीवर तुटून पडायची. कुणी पाठीला हात लावला की ओरबाडायची. पशुवैद्य डॉ. करुणा यांनी रक्त तपासलं, एक्स-रे काढला, कातडी तपासली. शेवटी म्हणाल्या, "कारण मला सापडत नाही. पण वेदना कमी ठेवता येतील." रोजचं औषध सुरू झालं. शालूताई शिलाई मशीन थांबवून वेळेवर गोळी द्यायची. बरे दिवस वाढले. वाईट दिवस कमी झाले, पण संपले नाहीत.

मग महाराज आले. जिलबीला बघताच म्हणाले, "करणी आहे. शेपटीत अडकलीय." त्यांनी चाटवायला अंगारा दिला आणि औषध बंद करायला सांगितलं. इंग्रजी गोळी आणि अंगारा एका पोटात नांदत नाहीत म्हणे.

मी सुकेशनी. कॉलेजात रसायनशास्त्र शिकवते, त्यामुळे गल्लीत मला मान आहे, माझ्या मताला नाही. तरी शालूताईला समजवायला गेले.

"डॉक्टरबाई म्हनल्या, कळत नाय," ती म्हणाली. "म्हाराजांना बघताच कळलं. मंग मी कुणाकडं जाऊ, तूच सांग."



औषध थांबलं आणि जिलबीनं शेपटीचं टोक कुरतडून लाल केलं. वर उलट्या सुरू झाल्या. रविवारच्या आदल्या दिवशी मी हट्टानं शालूताईला आणि जिलबीला दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी अंगाऱ्याची पुडी उघडली. तशी कोपऱ्यातल्या पिंजऱ्यात रुसून बसलेला एक जाडजूड बोका उठला आणि जाळीला तोंड घासू लागला.

"राखेनं मांजर असं वेडं होत नाही," डॉक्टर म्हणाल्या. राखेतून त्यांनी चिमट्यानं तपकिरी धागे वेचले, बाहेर गेल्या आणि कुंपणाच्या भिंतीलगतचं एक तण उपटून आणलं. "ही खोकली. हिचं मूळ मोडलं की त्या वासानं मांजरांना नशा चढते. पोटात गेलं तर उलट्या होतात. आणि हीच पायांना चोळली, तर मांजर त्या पायांवर लोळतं."

शालूताईनं ते तण हातात घेऊन उलटसुलट पाहिलं. "समद्यांम्होरं दाखवा," ती म्हणाली. "माझी सासू नुसतं सांगून ऐकायची नाय."

म्हणून रविवारी डॉक्टर पिशवीत खोकली घेऊन मांडवात आल्या. मी भाषणाची तयारी केली होती, पण त्यांनी मला गप्प बसवलं आणि महाराजांना नमस्कार केला.

"महाराज, पाय साबणानं धुऊन हिला पुन्हा बोलवाल का?"

"चरणांवर पाणी पडलं की तेज उतरतं, बाई."

तेवढ्यात दगडाबाई उठल्या. शालूताईच्या सासूबाई, महाराजांच्या सगळ्यात पक्क्या भक्त. "पाद्यपूजेनं तेज उतरत नसतंय, म्हाराज. वाढतंय. मीच करते."

त्यांच्या मनात काही कपट नव्हतं, हेच महाराजांना महागात पडलं. महाराजांनी पाय आखडून घेतले. पण दगडाबाईंचा अर्धा जन्म शेळ्या-मेंढ्यांमागे गेलेला, आणि पळणाऱ्या जनावराचा पाय कसा धरायचा हे त्यांना शिकवावं लागत नाही. घोटा धरून त्यांनी नव्या कोऱ्या साबणानं महाराजांची पावलं घासली, टाचांना दगड लावला, पदरानं पुसली. बायांनी फुलं वाहिली.

जिलबीला सोडलं. तिनं एक अंगठा हुंगला, शिंकली आणि पाठ फिरवून बसली.

"ये, माते," महाराज म्हणाले. माता पंजा चाटत होती.

आता डॉक्टरांनी खोकलीचं मूळ ठेचलं आणि शालूताईच्या नवऱ्याच्या, भारतभाऊंच्या चपलांना चोळलं. भारतभाऊंचं आणि जिलबीचं कायमचं वाकडं. पण जिलबी उठली, तरातरा गेली आणि त्यांच्या पायांवर आडवी पडली. भिंतीवरून आणखी दोन मांजरं उतरली आणि तीही लोळू लागली. दगडाबाईंचे हात सवयीनं जोडले गेले होते. मग वर बघून म्हणाल्या, "अगं बया, हा तर आपला भारत्या हाय."

आधी मागच्या रांगेत कुणीतरी फसकन हसलं, मग फुलंब्रीच्या बाया हसल्या, मग अख्खा मांडव. रात्रपाळीवाला दचकून जागा झाला आणि काय झालं ते न कळताच हसू लागला. त्या गोंधळात महाराज झोळी उचलून अनवाणी सटकले. झोळीत अंगारा होता, त्यामुळे गल्लीतली मांजरं रिक्षा स्टँडपर्यंत मोठ्या निष्ठेनं त्यांच्या मागं गेली.

शालूताई तेवढी हसत नव्हती. "गोळी कधी देऊ?" तिनं डॉक्टरांना विचारलं.

"आत्ताच. पण शालूताई, दुखण्याचं कारण मला अजूनही माहीत नाही."

"असू द्या. नाय कळलं तर नाय म्हनता तुमी. आता मला त्याचं भ्या वाटत नाय."

जिलबीच्या शेपटीची जखम भरलीय. वाईट दिवस अजून येतात, आणि शालूताई त्यांना करणी म्हणत नाही, दुखणं म्हणते. तुमच्याही गल्लीत असा कुणी येईल. त्याला जरूर भेटा, पण चमत्कार पुन्हा करून दाखवायला सांगा, तुमच्या साबणानं, तुमच्या समोर. आणि घरातल्या आजारी जिवाचं औषध, तो माणूस असो की मांजर, डॉक्टरांना विचारल्याशिवाय बंद करू नका.