आडनावाचा रिकामा रकाना

लाल अक्षरांतली ती ओळ धाकटीला एव्हाना तोंडपाठ झाली होती: ‘आडनाव आवश्यक आहे.’ नवऱ्याचे तिने टाकले, वडिलांचे पुन्हा उचलले नाही. मग नोकरीच्या प्रत्येक अर्जात त्या रकान्यात ती एक टिंब देऊन मोकळी होई. उत्तरेही तशीच येत, ‘श्रीमती टिंब यांस’. घरात तिचे नावच टिंबबाई पडले. ती हसे, थोरलीला मात्र ते हसू गिळवत नसे.

कारण ती ओळ थोरलीच्याच लायब्ररीतून, म्हणजे इतरांनी आपापल्या संकेतस्थळांत जोडायच्या तयार कोडमधून, येत होती. अर्जांतली नावे तपासणारा हा प्रोग्राम तिने आणि मास्तरने मिळून लिहिला होता. मास्तर म्हणजे जुना सहकारी, उठल्यासुटल्या चुका काढणारा. लायब्ररी मुक्त, कुणीही घ्यावी, हवी तशी बदलावी; असंख्य संकेतस्थळांनी ती फुकट उचललेली. नव्या आवृत्तीत थोरलीने आडनावाची सक्ती उपटून टाकली होती. पण मोठा बदल दोघांच्या संमतीशिवाय बाहेर जाणार नाही, हा त्यांचा दंडक.

“सक्ती काढ, पण त्यासाठी स्विच ठेव,” मास्तर पडद्यावरून म्हणाला. “सुरुवातीला बंद. ज्याला हवं तो चालू करील. माझ्या कंपनीची सगळी यंत्रणा आडनावावर उभी आहे गं!”

“सुरुवातीला बंद म्हणजे जन्मभर बंद. आपल्या एका तरी स्विचला कुणी कधी हात लावलाय?”

“मग मी संमती देत नाही.”

धाकटी कपड्यांच्या घड्या घालता घालता कुजबुजली, “ताई, किरकोळ दुरुस्ती म्हणून सोड ना. आवृत्तीच्या क्रमांकातला शेवटचाच आकडा वाढव. त्याला विचारावंही लागणार नाही.”

वाट सोपी होती, आणि म्हणूनच थोरलीला तिची किळस आली. आडनाव नाही म्हणून आजवर ज्यांना दाराबाहेर ठेवले, त्यांना आता खिडकीतून आत घ्यायचे?

“नाही. बदल मोठा आहे, पहिलाच आकडा वाढेल,” ती म्हणाली. “मास्तर, नकार द्यायचाय ना? मग चर्चेच्या पानावर लिही. कारणासकट, साऱ्या जगाला दिसेल असा.”

पानावर ‘मास्तर लिहीत आहे’ असे उमटले. विझले. पुन्हा उमटले. जन्मभर इतरांची वाक्ये सुधारणाऱ्या माणसाला स्वतःचे एक वाक्य लिहिता येईना.

शेवटी संमतीची हिरवी खूण आली. “कंपनी जुनीच प्रत घेऊन वेगळी चूल मांडेल, बघ.”

“मांडू दे. मुक्त आहे ती.”

थोरलीने बदलांच्या टिपणाची पहिली ओळ लिहिली: ‘आडनाव आता आवश्यक नाही. यामुळे तुमचे काही मोडले, तर ते मोडण्याजोगेच होते.’ आणि आवृत्ती सोडली. चहा निवायच्या आत पहिली तक्रार येऊन थडकली. तिने ती वाचली आणि उत्तरादाखल तीच ओळ पुन्हा चिकटवली.

धाकटीने लायब्ररीचा नमुना अर्ज उघडला. नाव लिहिले. सवयीने बोट टिंबावर गेले.

“हात काढ,” थोरली म्हणाली.

धाकटीने रकाना तसाच कोरा सोडला आणि बटण दाबले. लाल काही उमटले नाही. मुकाट पुढचे पान उघडले.